आई गप्प राहू शकते, सरकार नाही

देनी व्हिलनव्हच्या 'इन्सेंडीज' (2010) मध्ये सुरुवातीलाच एक मृत्युपत्र वाचलं जातं. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात, एका नोटरीच्या कचेरीत झान आणि सिमोन ही जुळी भावंडं बसली आहेत. त्यांची आई नवाल मारवान या नोटरीकडे सेक्रेटरी होती. तिची शेवटची इच्छा अशी: मला शवपेटीशिवाय, विवस्त्र, पालथी पुरा. कबरीवर दगड नको, नाव नको. नोटरीकडे दोन बंद पाकिटं ठेवली आहेत. एक झानने आपल्या वडिलांना शोधून द्यायचं, दुसरं सिमोनने आपल्या भावाला. दोन्ही पोचती झाली की मगच दगड बसवायचा. वडील केव्हाच गेले अशी या मुलांची समजूत. भाऊ आहे हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. सिमोन संतापतो. मेल्यावरसुद्धा हिला चारचौघांसारखं वागता आलं नाही, असा त्याचा सूर असतो, आणि त्या क्षणी तो आपल्यालाही पटतो.

हा चित्रपट पाहून उठणाऱ्यांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: सत्य कितीही भयंकर असलं तरी ते कळायलाच हवं, कळलं की माणूस मोकळा होतो. मला हे वाक्य अर्धवट वाटतं, आणि थोडं सोयीचंही. सांगायचं कुणी होतं? कुणी सांगितलं नाही म्हणून एका बाईला मरताना आपल्या मुलांवर ही कामगिरी सोपवावी लागली? हे प्रश्न त्या वाक्यात बुडून जातात. माझं म्हणणं असं आहे की युद्धातून जन्मलेल्या घरगुती गुपिताला दोन राखणदार असतात. जिच्या देहावर ते घडलं तिला गप्प राहण्याचा पूर्ण हक्क आहे. ज्या राज्याच्या हद्दीत ते घडलं आणि ज्याच्या माफीच्या कायद्याखाली ते गाडलं गेलं, त्या राज्याला तो हक्क नाही. आपण नेमकं उलटं करतो. आईला जाब विचारतो, आणि सरकारला 'झालं गेलं विसरा' म्हणायची मुभा देतो.

(यापुढे शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही. ज्यांना चित्रपट काहीही माहीत नसताना पाहायचा आहे, त्यांनी तो आधी पाहून यावं.)

नवाल ख्रिस्ती खेड्यातली. एका निर्वासित मुलावर तिचं प्रेम बसतं, दिवस जातात. घरच्यांना कळतं आणि त्या मुलाला तिच्यादेखत गोळी घातली जाते. आजी तिला वाचवते, बाळंतपण उरकते, बाळाच्या टाचेवर तीन ठिपके गोंदवते आणि बाळ अनाथालयाच्या वाटेला लागतं. नवालला शिकायला शहरात धाडलं जातं. मग यादवी पेटते. मुलाच्या शोधात ती दक्षिणेकडे निघते आणि मुसलमान प्रवाशांनी भरलेल्या एका बसमध्ये चढते. ख्रिस्ती बंदूकधारी ती बस अडवतात, गोळ्या झाडतात, पेट्रोल ओततात. गळ्यातला क्रूस दाखवून नवाल वाचते. एका लहान मुलीला आपली पोर म्हणून ती बाहेर काढते, पण ती मुलगी आईला हाक मारत बसकडे धावते आणि मारली जाते. यानंतर नवाल ज्या लोकांत वाढली त्यांच्याविरुद्ध उभी राहते. शिकवणीच्या निमित्ताने एका ख्रिस्ती पुढाऱ्याच्या घरात शिरते आणि त्याला ठार करते. मग वर्षानुवर्षं तुरुंग. तिला मोडण्यासाठी एक छळ करणारा आणला जातो. तो तिच्यावर बलात्कार करतो आणि तिला जुळी होतात. तो माणूस म्हणजे टाचेवर तीन ठिपके असलेला तिचाच पहिला मुलगा. तिला हे कळतं ते कितीतरी वर्षांनी, कॅनडातल्या एका पोहण्याच्या तलावाकाठी. दोन पाकिटं, आणि घेणारा एकच.

या धक्क्याबद्दल पुष्कळ लिहिलं, बोललं गेलं आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. या मुलांना हे सगळं सांगतं कोण? तुरुंगाचा जुना पहारेकरी, जो आता एका शाळेत शिपाई आहे. तुरुंगात बाळंतपण करणारी म्हातारी नर्स. ज्याने त्या अनाथ मुलाला उचलून लढाईत उतरवलं तो म्हातारा टोळीप्रमुख. सरकारी दप्तरात सहज सापडावी अशी एकही गोष्ट त्यांना तिथून मिळत नाही. कोण कधी कैद झालं, कुणाचं मूल कुणाकडे दिलं, अनाथालय जळलं तेव्हा पोरं कुठे गेली, हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यातलं एखादं माणूस दोन वर्षं आधी मेलं असतं तर साखळी तिथेच तुटली असती. कागद जपणारे या गोष्टीत फक्त नोटरी आहेत, एक इकडचा आणि एक तिकडचा. दिलेला शब्द आणि ठेवायला दिलेलं पाकीट यांना ते पवित्र मानतात. खाजगी माणसं इमानाने जे करतात ते राज्य करत नाही, हे चित्रपट ओरडून सांगत नाही, पण त्याची सगळी रचना त्यावरच उभी आहे. तो शाळेतला शिपाई तर मला सबंध चित्रपटातलं सर्वांत राजकीय पात्र वाटतो. काल कैद्यांवर पहारा, आज पोरांच्या शाळेत नोकरी, आणि मधल्या काळाबद्दल त्याला कुणीही काहीही विचारलेलं नाही.

मूळ गावातला प्रसंगही असाच. झान तिथे पोचते तेव्हा बायका तिचं स्वागत करतात, चहा देतात. ती आईचं नाव घेते आणि खोलीतली हवाच बदलते. नवालची मुलगी असशील तर तुला इथे जागा नाही. मधे एवढी मोठी यादवी होऊन गेली, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, आणि या बायकांच्या मनात जिवंत राहिलं ते काय, तर मारवानांच्या मुलीने घराण्याला काळिमा फासला. म्हणून 'युद्धाने घडवलेली गुपितं' असं आपण म्हणतो तेव्हा जरा सांभाळून म्हणावं. या कथेतला पहिला खून कुठल्याही सेनेने केलेला नाही, तो घरच्यांनी केला आहे. माणूस मारायचा, बाळ नाहीसं करायचं, मुलीला दूर धाडायचं आणि वर तोंडाला कुलूप लावायचं, ही सगळी रीत त्या घराला युद्धाआधीच ठाऊक होती. अब्रूने टाकून दिलेलं मूल युद्धाने उचललं, एवढंच. पुढे राज्याने माफीचा कायदा करून जे केलं ते याच घरगुती रीतीचं मोठं, शिक्कामोर्तब केलेलं रूप होतं.

चित्रपट देशाचं नाव घेत नाही. ज्या नाटकावर तो बेतला आहे ते वाजदी मुआवाद यांचं, 2003 सालचं. तेही देशाचं नाव घेत नाही. मुआवाद लेबनॉनमध्ये जन्मले आणि युद्धामुळे लहानपणीच कुटुंबासह बाहेर पडले. नाव न घेण्यामागे कलेची कारणं असणारच. गटातटांच्या हिशोबात प्रेक्षक अडकू नये, हेही त्यांतलं एक असेल. पण याची किंमत आहे. 'हे कुठेही घडू शकतं' असं म्हटलं की ते नेमकं कुठे घडलं, कुणी घडवलं आणि नंतर कुणी दडपलं, हे विचारायची गरज उरत नाही. तेव्हा नाव घेऊया.

लेबनॉनची यादवी 1975 ते 1990 चालली. तिची सुरुवात बैरुतच्या ऐन अल-रुम्मानेह भागात 13 एप्रिल 1975 रोजी एका बसवर झालेल्या गोळीबारापासून धरतात. बसमध्ये पॅलेस्टिनी होते, हल्लेखोर ख्रिस्ती गटाचे. पुढच्या पंधरा वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसं मेली असा अंदाज सहसा दिला जातो. बेपत्ता झालेल्यांचा आकडा 17,000 च्या घरात सांगितला जातो. 1989 मध्ये यादवी मिटवण्यासाठीचा ताइफ करार झाला आणि ऑगस्ट 1991 मध्ये संसदेने सर्वसाधारण माफीचा कायदा केला. त्यातला एक अपवाद वाचण्याजोगा आहे: राजकीय आणि धार्मिक नेत्यांच्या हत्या माफीतून वगळल्या. म्हणजे पुढाऱ्याला मारलं असेल तर खटला उभा राहू शकतो, बसभर माणसं मारली असतील तर माफी. कायदा करणाऱ्यांनी आपल्या जिवाची किंमत आणि इतरांच्या जिवाची किंमत एकाच कागदावर लिहून ठेवली, आणि याहून प्रामाणिक कबुली त्यांच्याकडून नंतर कधी आली नाही. टोळ्यांचे सेनापती मंत्री झाले, खासदार झाले. शाळेतला इतिहास स्वातंत्र्याच्या आसपास, 1940 च्या दशकातच थांबला. ताइफ करारात सर्वांसाठी एकच इतिहासाचं पुस्तक करायचं ठरलं होतं, ते कधी झालंच नाही.

घरांत मात्र प्रश्न संपला नव्हता. नवरा बेपत्ता असलेल्या बाईला घर विकता येईना, वारसा लावता येईना, दुसरं लग्न करता येईना. सरकारने 1995 मध्ये त्यावर तोडगा काढला. चार वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला मृत घोषित करून घेण्याची सोय कायद्याने केली. अर्ज मात्र घरच्यांनी करायचा. ज्या माणसाचं काय झालं हे राज्याने शोधलं नाही, तो मेला असं बायकोने आपल्या सहीने लिहून द्यायचं. किती बायकांनी ती सही करायला नकार दिला असेल, आणि किती जणींनी पोटासाठी ती केली आणि पुढे मुलांना सांगितलं नाही! घरातलं गुपित अशा रीतीनेही तयार होतं. त्याला छळछावणीच लागते असं नाही, एक छापील अर्ज पुरतो. 2000 साली नेमलेल्या चौकशी समितीनेही तेच केलं. बैरुतमधल्या काही कबरस्तानांत सामूहिक दफनं असल्याचं मान्य केलं आणि चार वर्षांहून जास्त काळ बेपत्ता असलेल्यांना मृत समजावं असा निष्कर्ष काढून ती मोकळी झाली.

या सगळ्याला नकार देत राहिल्या त्या बायका. सप्टेंबर 1982 मध्ये वदाद हलवानी यांच्या पतीला घरातून नेलं. त्यांनी रेडिओवरून आवाहन केलं की ज्यांची माणसं अशी नेली आहेत त्यांनी एकत्र यावं, आणि शेकडो बायका आल्या. अपहृतांच्या कुटुंबीयांची समिती तेव्हाची. 2005 पासून बैरुतच्या मध्यभागी, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरच्या बागेत आयांनी तंबू ठोकला आणि त्या तिथे वर्षानुवर्षं बसल्या. 2014 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कुटुंबीयांचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. नोव्हेंबर 2018 मध्ये बेपत्ता व्यक्तींसाठीचा 105 क्रमांकाचा कायदा झाला. त्याखालचा राष्ट्रीय आयोग 2020 मध्ये नेमला गेला. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती.

'इन्सेंडीज'मधल्या तुरुंगामागे दक्षिण लेबनॉनमधल्या खियामची सावली आहे. इस्रायलच्या पाठबळावर चालणारी दक्षिण लेबनॉन सेना 1985 पासून 2000 पर्यंत तो चालवत होती. सुहा बेशारा या तरुणीने व्यायाम शिकवण्याच्या निमित्ताने या सेनेच्या प्रमुखाच्या घरात प्रवेश मिळवला आणि नोव्हेंबर 1988 मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. ती खटल्याविना दहा वर्षं खियाममध्ये होती, त्यातली बरीचशी एकांतकोठडीत. नवालचं पात्र अंशतः तिच्यावरून सुचलेलं आहे. मे 2000 मध्ये लोकांनी दारं फोडून कैदी सोडवले, तुरुंगाचं संग्रहालय झालं, आणि 2006 च्या युद्धात इस्रायली बॉम्बहल्ल्यात ते जमीनदोस्त झालं. पुढची गोष्ट पटकथेत घातली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. खियामच्या व्यवस्थेतला एक माजी अधिकारी अमेरिकेत स्थायिक होऊन खाद्यपदार्थांचा व्यवसाय करत होता. सप्टेंबर 2019 मध्ये तो लेबनॉनला परतला, ओळखला गेला आणि अटक झाला. जुन्या कैद्यांनी छळाचे आरोप केले, त्याच्या बाजूने ते नाकारले गेले. मार्च 2020 मध्ये लष्करी न्यायालयाने मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून खटला बंद केला आणि तो अमेरिकेला परत गेला. तो दोषी होता की निर्दोष, हे न्यायालयाने तपासलंच नाही. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे. आरोप करणाऱ्यांना निवाडा मिळाला नाही आणि आरोपीलाही मिळाला नाही. दोन्हीकडच्या मुलांना वारशात मिळालं ते फक्त आपापलं म्हणणं.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ. माफी दिली नसती तर बंदुका खाली ठेवल्या गेल्या असत्या का? पंधरा वर्षं लढलेल्या सेनापतींना 'शस्त्र ठेवा, मग तुम्हाला फाशी देऊ' असं सांगून शांतता होत नाही. तोफा थांबवायच्या तर तोफांवर बसलेल्यांशीच बोलावं लागतं. हे मला मान्य आहे, आणि जे मान्य करत नाहीत त्यांनी 1990 च्या बैरुतमध्ये स्वतःला उभं करून पाहावं. पण शिक्षा माफ करणं आणि माहिती गाडणं ही दोन वेगळी कामं आहेत. लेबनॉनने ती एकत्र केली. दक्षिण आफ्रिकेने वेगळी ठेवली. तिथे वर्णभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगापुढे माफी हवी असेल तर राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण हकिकत सांगावी लागे. 7,000 हून जास्त अर्ज आले आणि माफी मिळाली ती 850 च्या आसपास. ज्यांना नाकारली त्यांच्यातल्या बहुतेकांवर पुढे खटले झाले नाहीत, हा त्या प्रयोगाचा मोठा डाग. तरीही कुणाला कुठे पुरलं हे अनेक घरांना कळलं, आणि ते सांगण्याचं काम मरणाऱ्या आईवर पडलं नाही. लेबनॉनने माफी फुकट वाटली आणि बदल्यात एक पत्तासुद्धा मागितला नाही.

मग आईचं काय? इथे माझी बाजू अवघड होते. राज्याने सगळं उघड करायचं म्हटलं तर नवालसारख्या बाईचं मौन कुठे उरतं? तिच्या नावाची फाइल उघडी पडली की गावातल्या त्या बायका चहाचे पेले खाली ठेवणारच.

बोस्नियाची गोष्ट इथे उपयोगी पडते. यास्मिला झ्बानिच यांच्या 'ग्रबाविचा' या चित्रपटाला 2006 मध्ये बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं. त्यातल्या शाळकरी मुलीला आपला बाप 1990 च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात शहीद झाला असं सांगितलेलं असतं. शाळेची सहल निघते. शहिदांच्या मुलांना पैशांत सूट, फक्त बापाचा दाखला आणायचा. आई टाळाटाळ करते, उसने पैसे गोळा करत फिरते, आणि त्या एका दाखल्यापायी घर फुटतं: बाप कुणी शहीद नव्हता, मुलगी छावणीतल्या बलात्कारातून झालेली आहे. आईने खोटं का सांगितलं यावर तासभर वाद घालता येईल. मला तो दाखला जास्त दोषी वाटतो. राज्याकडे मुलांसाठी रकाना एकच होता, शहिदाचं मूल. ज्याचं मूल त्या रकान्यात बसत नाही त्या आईने एकतर खोटं बोलावं किंवा शाळेच्या कारकुनापुढे आपला बलात्कार सांगावा. बलात्कारातून जन्मलेल्या या मुलांना बोस्निया-हर्झगोव्हिना संघराज्याच्या कायद्याने युद्धपीडित म्हणून ओळख दिली ती 2023 मध्ये. तोवर त्यातली बहुतेक तिशीच्या घरात पोचली होती.

राज्याचं मौन आईच्या भल्यासाठीही असू शकतं, असं सांगणारं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. 1971 नंतर बांगलादेशाने युद्धात जन्मलेल्या मुलांसाठी 1972 मध्ये खास आदेश काढून परदेशी दत्तक देण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी अशी पंधरा बाळं कॅनडात पोचली. आयांची ओळख झाकली गेली. त्या काळच्या समाजात त्या ओळखीने आयांचं काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. झाकलं ते बरंच केलं. पण झाकणं आणि पुसणं यांत फरक आहे. मूल मोठं होऊन विचारायला येतं तेव्हा झाकलेलं विचारता येतं, पुसलेलं येत नाही.

झाकून कसं ठेवावं याची एक व्यवस्था फ्रान्सकडे आहे आणि तिची मुळंही युद्धातच आहेत. नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा तिथे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीच्या 1941 च्या हुकमाने कायद्यात पक्की झाली. 2002 च्या कायद्याने त्यात भर पडली. आईला आपली ओळख बंद पाकिटात ठेवून जायला सुचवलं जातं. मूल पुढे विचारायला आलं तर एक राष्ट्रीय परिषद आईचा शोध घेते आणि तिलाच विचारते, सांगू का? ती नाही म्हणू शकते. ती गेली असेल आणि तिने नकार नोंदवलेला नसेल, तर मुलाला सांगितलं जातं. ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. आईचा नकार अनेक मुलांना आयुष्यभर जाळतो आणि तिथेही यावर भांडण चालू आहे. पण नवालच्या नोटरीने जे केलं तेच इथे एक सार्वजनिक संस्था करते: पाकीट जपायचं, उघडायचं नाही, आणि ज्याचं त्याला द्यायचं. युद्धातल्या बलात्कारांच्या, तुरुंगातल्या बाळंतपणांच्या नोंदी अशाच ठेवता येतील. गुन्हा, जागा, तारीख, तुरुंगाधिकाऱ्यांची नावं हे सगळं उघड. बाईचं नाव मोहोरबंद, आणि किल्ली तिच्याकडे.

उरला मुलांचा प्रश्न. सिमोनला सुरुवातीला काहीच जाणून घ्यायचं नसतं. प्रेक्षक त्याला भित्रा ठरवतात. मला त्याचं म्हणणं रास्त वाटतं: हे युद्ध माझं नाही. अर्जेंटिनाने या पेचाशी झगडून पाहिलं आहे. तिथे 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत पकडलेल्या बायकांची बाळं चोरून इतरांना, कधीकधी खुद्द लष्करी घरांना दिली गेली. प्लाझा दे मायोच्या आज्यांची संघटना 1977 ची. अशी सुमारे 500 मुलं असावीत असा त्यांचा अंदाज, आणि आजवर 130 हून अधिकांचा छडा लागला आहे. आईबापच मारलेले, तेव्हा आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी बसवली. 1987 मध्ये सरकारने जनुकीय नोंदींची राष्ट्रीय पेढी उभारली. लष्कराला वाचवणारे कायदे तिथेही 1986 आणि 1987 मध्ये झाले, पण बाळांची चोरी त्यातून वगळलेली होती. त्याच फटीतून 1998 मध्ये हुकूमशहा व्हिडेलाला पुन्हा अटक करता आली.

आणि तरीही काही नातवंडांनी तपासणीला नकार दिला. ज्यांना आईबाप म्हणत वाढलो त्यांना आपल्याच रक्ताने तुरुंगात धाडायचं नाही, असं एका तरुणीचं म्हणणं होतं. 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर रक्त देण्याची सक्ती करायला नकार दिला. 2009 मध्ये कायदा बदलला आणि न्यायाधीशाच्या हुकमाने वापरातल्या वस्तूंवरून नमुना घ्यायची वाट उघडली, दात घासायच्या ब्रशवरून, कंगव्यावरून. मी कुणाच्या बाजूचा? नवालची मुलं असती तर त्यांना न जाणण्याचा पूर्ण हक्क आहे, पाकीट न उघडता फेकण्याचाही. अर्जेंटिनात मात्र दुसऱ्या टोकाला एक आजी उभी आहे, जिचं नातवंड चोरलं गेलं आणि चोरी अजून चालूच आहे. तिथे माझं मत आजीकडे झुकतं, आणि सुखाने झुकत नाही.

यामुळेच 'इन्सेंडीज'च्या शेवटाशी माझं पूर्ण जमत नाही. योगायोग अविश्वसनीय आहे हा आक्षेप जुना आहे, आणि तो मी घेणार नाही. ग्रीक शोकांतिकेचा साचा उघडपणे उचलला की तेवढी सूट द्यावी लागते. माझी तक्रार पत्रांविषयी आहे. छळ करणाऱ्याला लिहिलेल्या पत्रात धिक्कार आहे, मुलाला लिहिलेल्या पत्रात माया, आणि जुळ्यांना सांगणं असं की रागाची साखळी आता तुटली. अभिनेत्री लुबना अझाबाल हे सगळं इतक्या संयमाने पेलते की ऐकताना गळा दाटतो. बाहेर आल्यावर मात्र वाटतं, साखळी तोडायचं कामसुद्धा तिच्यावरच? शोध मुलांनी घ्यायचा, भार घरच्यांनी वाहायचा, आणि क्षमाही तिनेच करायची. 1991 च्या संसदेने तिच्या वतीने, तिला न विचारता माफी दिलीच होती. चित्रपट तीच माफी तिच्या तोंडून, सुंदर शब्दांत पुन्हा वदवून घेतो. नवालने क्षमा करायला माझी ना नाही. ती तिची मर्जी. पण प्रेक्षागृहातल्या आपण त्या क्षमेवर समाधान मानून घरी जावं, हे मला नको आहे.

डिसेंबर 2024 मध्ये सीरियातली असद राजवट कोसळली, तुरुंगांची दारं उघडली, आणि लेबनॉनमधल्या कुटुंबांनी पुन्हा जुने फोटो बाहेर काढले, कारण सीरियन फौजांनीही यादवीत आणि नंतर माणसं नेली होती. तीन दशकांनी जिवंत परतलेला माणूसही त्यांनी पाहिला. बहुतेकांच्या वाट्याला मात्र रिकाम्या कोठड्या आणि पायदळी पडलेले कागद आले. 2018 च्या कायद्याने नेमलेला आयोग त्याच देशात काम करतो आहे जिथे 2019 पासून चलन कोसळलं, 2020 मध्ये बंदराचा स्फोट झाला आणि 2024 मध्ये पुन्हा युद्ध झालं. पैसा नाही ही सबब त्यामुळे खरी आहे. पण आयोगाची काही कामं पैशांवर अडलेली नाहीत. सापडलेल्या अवशेषांशी जनुकं जुळवून पाहता यावीत म्हणून आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने कुटुंबीयांच्या लाळेचे नमुने गोळा करायला 2016 मध्येच सुरुवात केली. जुळवायला अवशेष हवेत, आणि अवशेष कुठे आहेत हे ज्यांनी पुरले त्यांना ठाऊक आहे. ती माणसं म्हातारी झाली असली तरी त्यांचे पक्ष आजही संसदेत बसतात, त्यांची कार्यालयं उघडी आहेत आणि शहिदांच्या याद्या त्यांनी बिनचूक जपल्या आहेत. आपल्या मेलेल्यांचा इतका चोख हिशोब ठेवणाऱ्यांकडे दुसऱ्याच्या मेलेल्यांचा काहीच कागद नाही, यावर मी विश्वास ठेवत नाही. आयोगाने पहिली नोटीस त्या कार्यालयांना पाठवावी.